गालिच्यावरचा डाग आणि रोमचे धोबी : मूत्रगंधाचा दोन हजार वर्षांचा इतिहास

घरातल्या मांजराने किंवा कुत्र्याने गालिच्यावर लघवी केली, तर ती पुसून, धुऊन, वर अत्तर शिंपडून दोन दिवसांत वास गेल्यासारखा वाटतो. मग पावसाळ्याची पहिली दमट हवा येते आणि त्याच कोपऱ्यातून तोच उग्र दर्प पुन्हा उठतो. या हट्टी वासामागचे रसायन प्राचीन रोमला ठाऊक नव्हते. त्याचा उपयोग मात्र पुरेपूर ठाऊक होता. किंबहुना जुन्या काळी लोकरीचे पुष्कळसे कापड आंबलेल्या मूत्रात धुऊन आणि रंगवूनच बाजारात येत असे.

ताज्या मूत्राला फारसा वास नसतो. त्यातला मुख्य घटक युरिया हा जवळजवळ गंधहीन आहे. जीवाणूंमधील युरिएज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, युरियाचे तुकडे करते आणि त्यातून अमोनिया बाहेर पडतो. सौम्य आम्लधर्मी असलेले मूत्र काही काळात चांगलेच अल्कधर्मी होते. अल्क तेलकटपणा कापते, म्हणून शिळे मूत्र हा साबणापूर्वीच्या जगातला उत्तम धुलाई-द्रव होता.

रोममध्ये लोकरीची वस्त्रे धुणाऱ्यांचा स्वतंत्र व्यवसाय होता. हे कारागीर दगडी हौदात मूत्रमिश्रित पाणी भरून त्यात उभे राहत आणि कपडे पायांनी तुडवत. त्यांच्या हाताशी दुसरे साधन असे ते तेल शोषून घेणाऱ्या मातीचे, आपल्याकडे जिला मुलतानी माती म्हणतात त्या जातीच्या मातीचे. मूत्र आणि माती ही जोडी ध्यानात ठेवावी. ती पुढे वेगळ्याच वेषात भेटणार आहे. पाँपेईच्या उत्खननात स्टेफानस या नावाने ओळखली जाणारी अशी एक धुलाईशाळा सापडली असून तिचे हौद आजही पाहता येतात.

ही शाळा इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेली. त्याच वर्षी, काही महिने आधी, सम्राट व्हेस्पेसियन मरण पावला होता. सार्वजनिक मुताऱ्यांतून गोळा होणाऱ्या मूत्रावर कर बसवणारा राजा म्हणून तो आजही लोकांच्या आठवणीत आहे. सुएटोनियसच्या वृत्तांतानुसार, पुत्र टायटसने या कराबद्दल नाक मुरडले, तेव्हा बापाने त्या उत्पन्नातले नाणे त्याच्या नाकाशी धरून वास येतो का, असे विचारले. पॅरिसमधल्या जुन्या मुताऱ्यांना पुढे या सम्राटाचेच नाव चिकटले. इतिहासात अमर होण्याचे मार्ग असेही असतात.

मध्ययुगानंतर मूत्राची गरज वाढतच गेली, कारण आता ते रंगासाठीही लागत होते. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिला विरघळत्या रूपात आणायला अल्क आणि आंबवण हवे, आणि शिळ्या मूत्राच्या रांजणात दोन्ही आयते मिळत. स्कॉटलंडच्या बेटांवर हातमागाची लोकर अशा मूत्रात भिजवण्याची रीत विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकून होती. इतर रंग लोकरीवर पक्के बसवायला तुरटी लागे. इंग्लंडच्या यॉर्कशायर किनाऱ्यावर सतराव्या शतकापासून १८७१ पर्यंत तुरटीचे कारखाने चालले. डोंगरातला पाषाण फोडून, महिनोन्‌महिने जाळून, पाण्यात भिजवून जो अर्क निघे, त्यातून तुरटीचे स्फटिक पाडण्यासाठी समुद्रशैवालाची राख किंवा मूत्र घालावे लागे. आसपासच्या गावांचे मूत्र पुरेना, तेव्हा लंडन आणि न्यूकॅसलहून ते पिंपे भरभरून जहाजाने आणले गेले. ज्या द्रवाने आज रंगीत गालिच्याचा रंग फुटतो, तोच द्रव एकेकाळी रंग पक्का करण्याच्या कामी येत होता.

एकोणिसाव्या शतकात कोळशाच्या वायूपासून अमोनिया स्वस्तात मिळू लागला आणि मूत्राचे गिऱ्हाईक संपले. वास पूर्वीचाच होता, त्याची किंमत मात्र शून्यावर आली.

वास घालवण्याच्या उपायाचा उगम याच शतकातल्या आणखी एका घाणेरड्या धंद्यात आहे. लंडनच्या रस्त्यांवरून कुत्र्यांची विष्ठा वेचून ती कातडी कमावणाऱ्यांना विकणारी माणसे होती. बहुधा म्हाताऱ्या, निराधार बायका. हेन्री मेह्यूने १८५१ च्या सुमारास त्यांच्या हकिकती नोंदवल्या. विष्ठेच्या पाण्यात भिजवलेले चामडे मऊ होई. का, ते कोणालाच माहीत नव्हते. जर्मन रसायनज्ञ ऑटो रोम याने शोधून काढले की, ही करामत त्यातल्या प्रथिने पचवणाऱ्या विकरांची आहे. १९०७ मध्ये त्याने प्राण्यांच्या स्वादुपिंडापासून काढलेली विकरे चामड्यासाठी बाजारात आणण्याचा घाट घातला आणि विष्ठेची गरज संपवली. १९१३ मध्ये त्याच विकरांचे कपडे धुण्यासाठीचे पेटंट त्याने घेतले. आज पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी जी विकरयुक्त द्रावणे विकली जातात, त्यांची वंशावळ अशी कुत्र्याच्या विष्ठेपर्यंत जाते, हे बाटलीवर अर्थातच छापलेले नसते.

पण विकर म्हणजे नेमके काय, यावर शास्त्रज्ञांत कडाक्याचा वाद होता. तो मिटवला अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील जेम्स समनर याने, आणि तेही मूत्रातला अमोनिया निर्माण करणाऱ्या त्याच युरिएजवर. समनर डावखुरा होता; सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात त्याचा डावा हातच कोपराखाली गेला. उजव्या हाताने सगळे नव्याने शिकून त्याने १९१७ मध्ये जॅक बीन या शेंगेतून युरिएज शुद्ध करण्याचा उद्योग आरंभला. ही शेंग आपल्याकडच्या अबईच्याच कुळातली. नऊ वर्षांनी, १९२६ मध्ये, शेंगेच्या पिठाच्या अर्कातून त्याला स्फटिक मिळाले. विकर हे प्रथिन आहे, असे त्याने जाहीर केले. नोबेल मिळवलेले रिचर्ड विल्स्टॅटर आणि त्यांचे शिष्य ते मानायला तयार नव्हते. समनरला स्वतःचे नोबेल मिळायला १९४६ उजाडावे लागले.

या शोधाचा घरगुती अर्थ फार थोड्यांच्या लक्षात येतो. प्रथिन उष्णतेने आणि तीव्र रसायनांनी मोडते. अंडे उकडल्यावर होते तसे. म्हणून डागावर आधी उकळते पाणी, वाफ किंवा ब्लीच मारून मग विकरयुक्त द्रावण ओतणे म्हणजे कारागीर मारून काम मागणे होय. वाफेने लघवीतली प्रथिने धाग्याला अधिकच चिकटतात. ब्लीच आणि मूत्रातला अमोनिया यांच्या संयोगातून तर क्लोरामाइन नावाचे विषारी वायू निघतात.

इथवर गालिचा सुटा होता. इराणी असो वा आपली सतरंजी, ती उचलून, झटकून, वाहत्या पाण्यात धुऊन उन्हात टाकता येई. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावात, यंत्राने झपाट्याने विणलेले स्वस्त गालिचे निघू लागले. ते भिंतीपासून भिंतीपर्यंत जमिनीला ठोकलेले असत. लघवी आता लवीतून पाठीच्या कापडात, तिथून खालच्या फोममध्ये आणि शेवटी लाकडात झिरपू लागली. वरून पुसणाऱ्याचा हात तिथवर पोहोचणे शक्यच नव्हते. गालिच्यातल्या मूत्रगंधाची आजची डोकेदुखी खऱ्या अर्थाने याच काळात जन्मली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

आणि याच वेळी मांजरही घरात राहायला आले. १९४७ च्या हिवाळ्यात मिशिगन राज्यातल्या कॅसोपोलिसमध्ये एडवर्ड लोव याच्याकडे शेजारीण आली. मांजराच्या पेटीतली वाळू गोठली होती, राख घातली तर घरभर काळी पावले उमटत होती. कारखान्यांत सांडलेले तेल शोषायला लोव जी दाणेदार माती विकत असे, ती त्याने तिला दिली. ती होती मुलतानी मातीच्याच जातीची! रोमच्या धोब्याच्या हौदाशेजारची माती दोन हजार वर्षांनी मूत्र टिपायला परत आली. लोवने पाच-पाच पौंडांच्या पिशव्यांवर 'किटी लिटर' असे लिहिले, किंमत ठेवली ६५ सेंट. वाळू फुकटात मिळत असताना ही माती कोण घेणार, असे दुकानदाराने विचारले, तेव्हा लोवने पिशव्या फुकट वाटायला सांगितल्या. गिऱ्हाइके परत आली, ती पैसे घेऊनच.

जाहिरातींत एका गोष्टीचा मात्र विपर्यास होतो. सगळा दोष युरिक आम्लाच्या स्फटिकांवर ढकलला जातो. १७७६ मध्ये कार्ल शेले याने मुतखड्यातून शोधलेले हे आम्ल पाण्यात खरोखरच जेमतेम विरघळते. पण कुत्र्या-मांजरांचे शरीर त्याचे बरेचसे रूपांतर सहज विरघळणाऱ्या अॅलँटॉइनमध्ये करते. डाल्मेशियन जातीचे कुत्रे हा यातला प्रसिद्ध अपवाद. मांजराच्या मूत्राचा खास भपका येतो तो फेलिनिन या गंधकयुक्त द्रव्याच्या विघटनातून. बोक्यात ते अधिक असते. दमट हवेत वाळलेले क्षार पाणी ओढून घेतात, थांबलेले जीवाणू पुन्हा कामाला लागतात आणि वास परततो.

म्हणून अनुभवी सफाईगार ताजी लघवी घासत नाहीत. जाड कापडाने दाबून जेवढी वर येईल तेवढी टिपतात आणि थंड पाण्याने पुन्हा टिपतात. जुन्या डागावर विकरयुक्त द्रावण लघवी जितकी खोल गेली तितके खोल ओतावे लागते आणि ते तासन्‌तास ओले ठेवावे लागते, कारण कोरड्यात विकर काम करत नाही. सौम्य व्हिनेगर अमोनियाला निष्प्रभ करते, बाकीच्या गंधद्रव्यांना नाही. लोकरीच्या रंगीत गालिच्यावर आधी कोपऱ्यात चाचणी घेणे भाग असते. अमोनिया असलेले फरशी-द्रव सर्वांत वाईट. त्या वासाने जनावराला तीच जागा पुन्हा आपली वाटू शकते. फोम पूर्ण भिजलेला असेल, तर तो कापून बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

पेटी सोडून अचानक गालिच्यावर बसू लागलेल्या मांजराला घराबाहेर काढले जाते, असे फार घडते. त्यातल्या कित्येकांना मूत्रमार्गाचा विकार असतो. थेंब-थेंब करत कुंथणाऱ्या बोक्याचा मार्ग पूर्ण तुंबला, तर तो दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. पशुवैद्याकडे तो त्याच दिवशी न्यावा लागतो. गालिचा नंतर धुतला तरी चालतो.