नंबर कोण लावतो?

विचारवंतांचे नंबर लावायची पांढरपेशांना भारी हौस. मी सूतगिरणीत पाळी करणारा. सातारा-सांगलीपुरता हिशेब मांडून बघतो.

सांगलीचे कृ. प्र. खाडिलकर. टिळकांच्या ‘केसरी’तले. १९०७ साली ‘कीचकवध’ आलं, १९१० साली इंग्रजानं बंदी घातली. सरकारला नडले, हे कबूल. पण त्या नाटकातलं बंड सायबापुरतं. जातीच्या उतरंडीला त्यानं हात लावला नाही. उजव्यांचं बंड बहुतेक इथंच थांबतं.

वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वेगळे. शास्त्र शिकले अन् त्याच शास्त्राच्या आधारानं अस्पृश्यतेविरुद्ध उभे राहिले. पुढं रॉयवादी झाले. मान आहे. पण आपलं माणूसपण पोथीतनं मंजूर करून घ्यायचं का, हा सवाल उरतोच.

भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे शाळेत टिकले नाहीत, गिरणीत राबले अन् १९५९ साली ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर २०१३ साली पुण्यात गोळ्यांना बळी पडले.

यादी करणारे विचारतात, कुणाचं नाव गाजलं? आपण विचारायचं, कुणामुळं कुणाच्या हातात पाटी आली? ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत एक महार पोरगा दाखल झाला. त्या दिवशी कुठल्याच यादीत भीमराव नव्हता.