प्रोसेसर-वेळेचे वाटप (सामायिक सर्व्हरवरील)

एकाच सर्व्हरवर अनेक जण काम करत असताना प्रोसेसरचा वेळ कोणाला, किती आणि केव्हा मिळावा हे ठरवणारी व्यवस्था. ते काम कर्नेलमधला शेड्यूलर करतो, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला त्याच्या सेटिंग्ज बदलता येतात. ही नोंद लिनक्सपुरती आहे, कारण संशोधन संस्थांमधले बहुतेक सामायिक सर्व्हर त्यावरच चालतात.

जुन्नर तालुक्यात, कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकजवळ खोडदला या प्रश्नाची दोन्ही टोके एकाच आवारात सापडतात. तिथल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या (जीएमआरटी) ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. सुधारित दुर्बिणीची बँडविड्थ ४०० मेगाहर्ट्झपर्यंत जाते. त्यासाठी प्रत्येक अँटेनाच्या प्रत्येक ध्रुवणाचे सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. या संकेतांची सांगड घालणारा कोरिलेटर जीपीयू बसवलेल्या लिनक्स संगणकांवर चालतो, आणि आलेला डेटा त्याच क्षणी उचलला नाही तर तो गेलाच. दुसऱ्या टोकाला साठवलेल्या निरीक्षणांवरून प्रतिमा घडवण्याचे काम आहे. ते तासाभराने उशिरा झाले तरी बिघडत नाही, पण ते करणारे अनेक असतात. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन परम रुद्र महासंगणकांचे लोकार्पण झाले. तिन्हींचा मिळून खर्च १३० कोटी रुपये. त्यांतला पुण्याचा जीएमआरटीसाठी असून क्षणिक रेडिओ स्फोटांचा शोध हे त्याचे एक मुख्य काम आहे.

वाटपाचा पहिला प्रश्न असा, की वाटेकरी कोण? ऑक्टोबर २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२३ या आवृत्तीत इंगो मोल्नार यांचा सीएफएस शेड्यूलर आला. प्रत्येक प्रोसेसला सारखा वेळ, हे त्याचे मूळ तत्त्व. एकट्याच्या संगणकावर ते ठीक आहे, सामायिक सर्व्हरवर मात्र त्यातूनच अन्याय होतो. समजा, ३२ कोअरच्या यंत्रावर एकाने ९६ प्रोसेस सुरू केल्या आणि दुसऱ्याने ३२. एकूण १२८ प्रोसेसना प्रत्येकी पाव कोअर मिळतो, म्हणजे पहिल्याकडे २४ कोअर जातात आणि दुसऱ्याकडे ८. जास्त प्रोसेस सुरू करणाऱ्याला जास्त वाटा मिळतो. कुकडीच्या कालव्यावर पाण्याची पाळी खातेदाराच्या क्षेत्रावरून ठरते, त्याने रानात किती सऱ्या पाडल्या यावरून नाही. सर्व्हरवरही हाच न्याय हवा. जानेवारी २००८ च्या २.६.२४ आवृत्तीपासून सीग्रुप या प्रोसेसचे गट करण्याच्या सोयीमुळे ते शक्य झाले. प्रत्येक वापरकर्त्याचा वेगळा गट करून सर्वांना सारखे वजन दिले की वरच्या उदाहरणात दोघांनाही १६ कोअर मिळतात. दुसऱ्याच्या चारच प्रोसेस असतील तर तो चार कोअर घेतो आणि उरलेले २८ पहिल्याला मिळतात. वजनाने वाटप करण्याची खरी खुबी हीच आहे: कोणी वापरत नसेल तो वेळ वाया जात नाही. सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत हे वजन १ ते १०,००० च्या दरम्यान ठेवता येते, आणि काही न सांगितल्यास १०० असते.

एकेका प्रोसेसचे वजन कमी-जास्त करणारे नाइस हे साधन त्याहून कितीतरी जुने. त्याचे मूल्य उणे २० ते १९. शून्याला १०२४ वजन, ५ ला ३३५, १० ला ११० आणि १९ ला १५. एका कोअरवर शून्य आणि १९ अशा दोन प्रोसेस समोरासमोर आल्या, तर दुसरीच्या वाट्याला दीड टक्क्याहूनही कमी वेळ येतो. मात्र गट केल्यावर नाइसचा हिशेब त्या गटाच्या आतच चालतो. सर्वांची अडचण नको म्हणून कोणी आपले रात्रभराचे काम १९ नाइसवर टाकले, तरी त्याच्या गटात दुसरे काही चालू नसेल तर ते काम गटाचा पूर्ण वाटा घेते. अनेक जाणत्या वापरकर्त्यांनाही हे ठाऊक नसते आणि त्यांच्या सद्भावनेचा शेजाऱ्याला काहीच उपयोग होत नाही. अशा कामांसाठी कमी वजनाचा वेगळा गटच करून द्यावा.

वजनाऐवजी कमाल मर्यादा घालण्याचा मोह सर्व्हर सांभाळणाऱ्यांना होतो. तो शक्यतो टाळावा. १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत ४०० मिलिसेकंदांचा कोटा, म्हणजे चार कोअर. पण प्रोग्रॅमला यंत्रावर ३२ कोअर दिसतात, म्हणून तो ३२ थ्रेड उघडतो. सगळे एकदम धावले की कोटा साडेबारा मिलिसेकंदांत संपतो आणि उरलेले साडेसत्त्याऐंशी मिलिसेकंद सगळे थ्रेड ठप्प. वापरणारा म्हणतो, सर्व्हर अडखळतोय. आकडे मात्र प्रोसेसर रिकामा दाखवतात. मर्यादा घालायचीच असेल तर थ्रेडची संख्याही तिच्याशी जुळवावी, किंवा ठरावीक कोअर नेमून द्यावेत, म्हणजे प्रोग्रॅमला तेवढेच दिसतील.

वेळेशी बांधलेल्या कामांसाठी रिअल-टाइम धोरणे आहेत, प्राधान्य १ ते ९९. त्यांतली प्रोसेस धावायला तयार असली की साध्या प्रोसेसना थांबावे लागते. एखादी रिअल-टाइम प्रोसेस चक्रात अडकली तरी यंत्र हातचे जाऊ नये म्हणून दर सेकंदातला जास्तीत जास्त ०.९५ सेकंदच त्यांना मिळेल अशी मूळ तजवीज आहे. कोरिलेटरसारख्या कामाला मात्र स्वतंत्र यंत्रच हवे. सामायिक सर्व्हरवर ही धोरणे कोणाही वापरकर्त्याला खुली करू नयेत.

जुन्या मार्गदर्शिकांत सीएफएसच्या वेळखंडाचे आकडे बदलण्याचे पुष्कळ सल्ले आहेत. २०२१ च्या ५.१३ आवृत्तीत ती बटणे डिबगच्या कोपऱ्यात हलवली गेली. ऑक्टोबर २०२३ च्या ६.६ आवृत्तीत सीएफएसच्या निवडपद्धतीची जागा ईईव्हीडीएफने घेतली, त्यामुळे त्यांतले बहुतेक सल्ले आता गैरलागू आहेत.

काहीही बदलण्याआधी मोजणी करावी. लिनक्सच्या लोड ॲव्हरेजमध्ये डिस्कच्या प्रतीक्षेत अडकलेल्या प्रोसेसही धरल्या जातात. दुर्बिणीच्या मोठ्या फायली वाचताना लोड चाळीसवर गेला, म्हणून प्रोसेसरची टंचाई आहे असे ठरत नाही. २०१८ अखेरच्या ४.२० आवृत्तीपासून प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचा ताण वेगवेगळा दाखवणारी सोय आहे. आधी ती पाहावी.

महासंगणकावर वाटपाचा मोठा भाग स्लर्मसारखी रांग-व्यवस्था उचलते. तिच्या फेअरशेअर पद्धतीत मागचा वापर प्राधान्यातून वजा होतो आणि त्या वापराचे वजन ठरावीक काळाने निम्मे होत जाते. हा काळ वेगळा न ठरवल्यास सात दिवस असतो. लॉगिन नोडवर मात्र रांग नसते. तिथे सगळेच एकत्र शिरतात, म्हणून वापरकर्तानिहाय गट सर्वांत आधी तिथेच करावेत.