सॉफ्टवेअर पॅकेजांतील अनपेक्षित फायली

सॉफ्टवेअर तयार करताना बाहेरून घेतलेल्या पॅकेजांबरोबर, म्हणजेच डिपेंडन्सींबरोबर, वापरणाऱ्याच्या नकळत येणाऱ्या आणि पॅकेजाच्या जाहीर कामाशी संबंध नसलेल्या फायली. यांत विसरून राहिलेल्या निरुपद्रवी फायलींपासून मुद्दाम दडवलेल्या घातक कोडपर्यंत सर्व काही येते. एका पॅकेजाला दुसरे लागते, दुसऱ्याला तिसरे. त्यामुळे शेवटी संगणकावर नेमके काय उतरले, हे बहुतेक प्रकल्पांत कोणीही पाहिलेले नसते.

प्रश्नाचे मूळ असे की, गिट रिपॉझिटरीत दिसणारा कोड आणि प्रसिद्ध झालेले पॅकेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक पहिला वाचतात, संगणकावर बसते ते दुसरे. प्रसिद्ध करताना काय वगळायचे याचे नियमही फसवे असतात. जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या एनपीएम या व्यवस्थेत ‘एनपीएमइग्नोअर’ फाइल नसेल तर ‘गिटइग्नोअर’ची यादी लागू होते, पण ती फाइल नव्याने ठेवली की त्या फोल्डरमधील गिटइग्नोअरची यादी विचारातच घेतली जात नाही. एरवी वगळली जाणारी पासवर्डची फाइल अशा वेळी जगजाहीर होऊ शकते. हेतू वाईट नसतानाही विश्वासाला धक्का बसतो. रस्ट भाषेतील ‘सर्ड’ या अतिशय वापरात असलेल्या पॅकेजाबरोबर 2023 मध्ये आधीच कंपाइल केलेली बायनरी फाइल येऊ लागली. बिल्डचा वेळ वाचवणे हा तिचा उद्देश होता. वापरणाऱ्यांनी तीव्र आक्षेप घेतल्यावर ती काढण्यात आली.

घातक प्रकारात 2018 मधील ‘इव्हेंट-स्ट्रीम’ प्रकरण महत्त्वाचे. या पॅकेजाची जबाबदारी मूळ लेखकाने एका अनोळखी स्वयंसेवकाकडे सोपवली. त्याने ‘फ्लॅटमॅप-स्ट्रीम’ ही नवी डिपेंडन्सी जोडली. तिच्या चाचण्यांच्या फोल्डरमध्ये कूटबद्ध मजकूर होता आणि तो उलगडण्याची किल्ली म्हणजे ‘कोपे’ या बिटकॉइन वॉलेटचे पॅकेजात दिलेले वर्णन. इतर प्रकल्पांत ती फाइल निपचित पडून राही.

सर्वांत सखोल आखलेला हल्ला ‘एक्सझेड युटिल्स’ या कॉम्प्रेशन संचावर झाला. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून एकट्याने प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरचा विश्वास मिळवला होता. फेब्रुवारी व मार्च 2024 मध्ये आलेल्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांच्या चाचणी-फायलींत त्याने दोन संकुचित फायली घातल्या. कॉम्प्रेशन तपासायला बिघडलेल्या बायनरी फायली लागतातच, म्हणून त्यांचा कोणालाही संशय आला नाही. त्यांतील कोड बाहेर काढणारी एम-फोर ही बिल्डची फाइल गिटमध्ये नव्हतीच. ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे प्रसिद्ध केलेल्या एकत्रित फाइलसंचात, होती. डेबियन किंवा आरपीएम पॅकेज बांधले जात असेल तरच हा कोड ‘लिबएलझेडएमए’ लायब्ररीत शिरे. दूरस्थ लॉगिनसाठीचे ओपनएसएसएच स्वतः ही लायब्ररी वापरत नाही. पण काही लिनक्स वितरणांनी सिस्टमडी या सेवा-व्यवस्थापकासाठी केलेल्या बदलांमुळे ती एसएसएच सर्व्हरमध्ये लोड होई. मग विशिष्ट खाजगी किल्ली असलेल्याला त्या संगणकावर हवी ती आज्ञा चालवता आली असती. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस विकासकाला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जादा लागतो हे खटकले. त्याने खोलात जाऊन शोध घेतला आणि 29 मार्च 2024 रोजी तो जाहीर केला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत हा कोड तोवर पोहोचला नव्हता. एका माणसाच्या चिकाटीमुळे फार मोठा अनर्थ टळला.

बचावाचे उपाय आहेत, पण प्रत्येकाला मर्यादा आहे. लॉकफाइलमधील, म्हणजे पॅकेजांच्या ठरलेल्या आवृत्त्यांच्या नोंदीतील, हॅशमुळे आज आलेली फाइल कालचीच आहे एवढे कळते; ती निर्दोष आहे का, हे कळत नाही. इन्स्टॉल-स्क्रिप्ट बंद ठेवल्याने फक्त बसवतानाचा धोका घटतो. प्रसिद्ध करण्याआधी ‘एनपीएम पॅक’ची ड्राय-रन यादी पाहणे आणि टारबॉलची रिपॉझिटरीशी तुलना करणे हे साधे उपाय अधिक उपयोगी ठरतात. पॅकेज कोणत्या कोडपासून, कुठे बांधले याचा दाखला जोडण्याची सोय एनपीएमने 2023 पासून दिली आहे. एक्सझेडच्या बाबतीत टारबॉल आणि रिपॉझिटरीच्या तुलनेत एम-फोर फाइल उघडी पडली असती. चाचणीच्या दोन फायली मात्र रिपॉझिटरीतच असल्याने तिच्यातून सुटल्या असत्या.