स्वस्त आणि सवंग : नॅनोच्या मालकांच्या साक्षी

कमी किमतीच्या वस्तूसाठी मराठीत 'स्वस्त' आणि 'सवंग' असे दोन शब्द आहेत. 'महार्घ'वरून जसा 'महाग' आला, तसाच 'समर्घ'वरून 'सवंग' आला. म्हणजे मुळात या दुसऱ्या शब्दातही निंदेचा अंश नव्हता. तो केवळ किमतीविषयी बोलत होता. आज मात्र आपण 'सवंग लोकप्रियता', 'सवंग विनोद' असेच म्हणतो. किमतीचा शब्द प्रतीचा झाला आणि मग तो ज्याला लागला त्याच्या अभिरुचीवरचा शेरा झाला. भाषेत असे अर्थांतर पिढ्यानपिढ्या सावकाश होत असते. एका मोटारीच्या बाबतीत मात्र ते उणीपुरी दहा वर्षे पुरी होण्याआधीच झाले. ती मोटार म्हणजे टाटा नॅनो. तिच्या मालकांचे अनुभव परस्परविरोधी का आहेत, आणि ते कसे वाचावेत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

नॅनोच्या जन्मकथेत दोन गोष्टी आहेत. पहिली सर्वश्रुत आहे. पावसात स्कूटरवरून चाललेले कुटुंब, पुढे उभे मूल, मागे बसलेली आई आणि तिच्याजवळचे तान्हे, हे दृश्य पाहून रतन टाटांना चारचाकी सुरक्षित वाहनाची कल्पना सुचली. दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. एक लाख रुपये ही किंमत आधी हिशेब करून ठरलेली नव्हती. एका परदेशी वृत्तपत्राने टाटांशी झालेल्या बोलण्यावरून तो आकडा छापला, आणि त्याचा इन्कार करण्याऐवजी त्यांनी तोच लक्ष्य म्हणून स्वीकारला, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पहिल्या गोष्टीच्या केंद्रस्थानी एक गरज आहे, दुसरीच्या केंद्रस्थानी एक आकडा. पुढे नॅनोची जी कथा घडली, ती या दोन गोष्टींमधल्या ओढाताणीची कथा आहे.

गाडीचा विकास टाटा मोटर्सच्या पुण्यातील अभियंत्यांनी गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली केला. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली. वृत्तपत्रांनी तिला 'लखटकिया' असे लाडके नाव दिले. गंमत अशी की आपल्याकडे 'लाखमोलाचा' हे विशेषण ज्याची किंमतच करता येत नाही अशा वस्तूला किंवा माणसाला लावतात. इथे मात्र तोच लाख तळाचा आकडा म्हणून मिरवला जात होता.

मार्च २००९ मध्ये मुंबईत गाडी विक्रीसाठी जाहीर झाली. एप्रिलमधल्या काही दिवसांत दोन लाखांहून अधिक नोंदण्या झाल्या आणि पहिल्या एक लाख ग्राहकांची निवड सोडतीने करावी लागली. या नोंदण्यांतला एक तपशील विचार करण्याजोगा आहे. सर्वात स्वस्त, वातानुकूलन नसलेल्या प्रकाराला पाचातल्या एकाच ग्राहकाने पसंती दिली होती. जवळजवळ निम्म्या नोंदण्या सर्वात महाग प्रकारासाठी होत्या. ज्या आकड्याने जगभर मथळे मिळवले, त्या आकड्याची गाडी घ्यायला फारसे कोणी पुढे आले नाही. जाहिरातीतला वाचक आणि प्रत्यक्षातला वाचक वेगळा निघावा, असेच हे झाले.

आता मालकांच्या साक्षीकडे वळू. ज्यांनी गाडी आवडीने वापरली त्यांची साक्ष बरीचशी एकसारखी आहे. मारुती ८०० पेक्षा लांबीने कमी, पण आतून अधिक ऐसपैस. आसने उंच, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना चढता-उतरताना त्रास नाही. जवळजवळ चार मीटरच्या त्रिज्येत वळणारी ही गाडी जुन्या पेठांतल्या बोळांतून आणि सोसायटीच्या कोंदट वाहनतळातून सहज निघे. ६२४ घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरचे इंजिन पेट्रोल जपून वापरी. शहरातल्या शहरात फिरणारा डॉक्टर, निवृत्त शिक्षक, नव्याने गाडी शिकणारी गृहिणी, अशा माणसांच्या दिनक्रमात ती चपखल बसली. वर्षानुवर्षे गाडी सांभाळून पुढे विकण्याचे नाव न काढणारे मालक आजही भेटतात.

दुसरी साक्षही तितकीच खरी आहे. इंजिन मागच्या बाजूला, जवळजवळ प्रवाशांच्या पाठीशीच, असल्यामुळे त्याचा आवाज आणि थरथर आत येई. मागचा दरवाजा दिसायला दरवाजा होता, पण सुरुवातीच्या गाड्यांत तो उघडत नसे; सामान ठेवायचे तर मागचे आसन वाकवून ठेवावे लागे. पेट्रोलची टाकी जेमतेम १५ लिटरची आणि ती भरायला पुढचे झाकण उघडावे लागे. पंपावरच्या माणसाला दरवेळी हे समजावून सांगावे लागणे ही लहानशी गोष्ट. पण मागे रांग लागलेली असताना ती लहान राहत नाही. महामार्गावर ट्रक शेजारून गेला की चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येई.

या दोन साक्षींपैकी खरी कोणती, असा प्रश्न इथे अप्रस्तुत आहे. साहित्याच्या अभ्यासकांना हे वेगळे सांगावयास नको. दोन वाचक एकाच कादंबरीविषयी परस्परविरुद्ध बोलतात, तेव्हा ते बहुधा वेगवेगळ्या अपेक्षा घेऊन तिच्याकडे आलेले असतात. दुचाकीवरून नॅनोत आलेल्या माणसाला डोक्यावर छप्पर आणि कुटुंबासाठी चार आसने मिळाली. मोठ्या मोटारीशी तुलना करीत आलेल्याला आवाज, थरथर आणि न उघडणारा दरवाजा मिळाला. गाडी तीच होती; तुलनेचा दुसरा पक्ष बदलला होता.

परंतु सगळा दोष अपेक्षांवर ढकलणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००९-१० या काळात काही नॅनो गाड्यांना आगी लागल्या. मार्च २०१० मध्ये मुंबईत नुकतीच खरेदी करून घरी नेली जात असलेली गाडी रस्त्यावर जळाली आणि तिची छायाचित्रे सर्वत्र छापून आली. आराखड्यात दोष नाही, असे कंपनीने चौकशीनंतर सांगितले. तरी नोव्हेंबर २०१० मध्ये विकलेल्या गाड्यांत जादा संरक्षक भाग विनामूल्य बसवून देण्याची तयारी दाखवली. त्याच महिन्यात संपूर्ण देशात केवळ ५०९ नॅनो विकल्या गेल्या. पुढे जानेवारी २०१४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या धडक-चाचणीत नॅनोला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्याच चाचणीत इतर चार लोकप्रिय लहान गाड्यांनाही शून्यच मिळाले होते. पण स्कूटरवरच्या कुटुंबाची सुरक्षितता हीच जिची जन्मकथा, तिच्या कपाळी आलेले शून्य लोकांच्या अधिक लक्षात राहिले.

गाडी वेळेवर हाती न पडण्यामागे आणखी एक इतिहास होता. पश्चिम बंगालमधील सिंगूर येथे कारखान्यासाठी सुमारे एक हजार एकर जमीन संपादित झाली होती. शेतकऱ्यांच्या विरोधानंतर ऑक्टोबर २००८ मध्ये टाटांनी तेथून माघार घेतली आणि कारखाना गुजरातेतील साणंदला नेला. तो जून २०१० मध्ये सुरू झाला. पुढे ३१ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सिंगूरचे भूसंपादन रद्द ठरवले. स्वस्तपणाची किंमत कोणीतरी कुठेतरी मोजत असते, हा या प्रकरणाचा धडा मालकांच्या साक्षींत सहसा येत नाही; इतिहास लिहिताना तो गाळता येत नाही.

साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती. सर्वाधिक विक्रीच्या वर्षात, २०११-१२ मध्ये, पाऊण लाखाच्या आत-बाहेर गाड्या खपल्या. कंपनी दोष सुधारत राहिली. २०१४ मध्ये काही गाड्यांत वजन न लागता वळणारे सुकाणू आले. २०१५ मध्ये मागचा दरवाजा अखेर उघडू लागला, टाकी मोठी झाली, स्वयंचलित गिअरचा पर्याय मिळाला. ज्या तक्रारी वस्तूविषयी होत्या, त्यांतील बऱ्याच दूर झाल्या. तरीही विक्री घसरतच गेली आणि जून २०१८ मध्ये महिन्याभरात फक्त एक नॅनो तयार झाली. त्यानंतर उत्पादन संपल्यातच जमा होते.

याचे कारण मला त्या शब्दात दिसते. 'जगातील सर्वात स्वस्त मोटार' ही ओळख परदेशी वाचकासाठी कौतुकाची होती. पण आपल्या समाजात मोटार ही केवळ जाण्यायेण्याची सोय नसते. लग्न ठरवताना, बँकेत, नातेवाइकांच्या दारात ती मालकाच्या वतीने बोलते. स्कूटर सोडून नॅनो घेणाऱ्याने आयुष्याची एक पायरी चढलेली असे. आणि शेजारी म्हणे, 'घेतली का ती लाखाची?' कुटुंबाच्या सर्वात मोठ्या खरेदीचे वर्णन सर्वात कमी किमतीने व्हावे, हा घाव आवाज किंवा थरथर यांहून खोल होता. त्याच पैशात जुनी मारुती मिळत असे, आणि ती कितीला घेतली हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेले नसे. २०१३ साली एका मुलाखतीत खुद्द रतन टाटांनी मान्य केले की गाडी परवडणारी म्हणून नव्हे, तर स्वस्तातली म्हणून ओळखली गेली, आणि त्यात कंपनीच्या प्रचाराचाही वाटा होता.

फ्रान्समधील एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात सित्रोएनची '२ सीव्ही' ही गाडी आली. तिची टिंगल झाली. पत्र्याचा डबा म्हणूनही ती हिणवली गेली. पण आराखडा करताना अभियंत्यांपुढे ठेवलेली अट प्रसिद्ध आहे : अंड्यांची टोपली घेऊन शेतकऱ्याला नांगरलेल्या शेतातून जाता यावे आणि अंडी फुटू नयेत. ती गाडीही स्वस्तच हवी होती, पण तिची ओळख तिच्या कामातून सांगितली गेली. चार दशके ती तयार होत राहिली. नॅनोकडेही स्कूटरवरच्या कुटुंबाचे असेच, किंबहुना अधिक हृद्य, चित्र होते. ते मागे पडले आणि आकडा पुढे आला.

'लाखाचे बारा हजार' हा वाक्प्रचार नॅनोच्या संदर्भात विनोदाने पुष्कळ वापरता येईल. तो मी टाळतो, कारण जिने कोणाच्या तरी आईला पावसातून कोरडी दवाखान्यात नेली, त्या गाडीचा हिशेब तसा होत नाही. त्या मालकाची साक्ष इतिहासात नोंदली गेली पाहिजे, आणि पंपावर रांगेत खजील झालेल्याचीही. एवढे मात्र खरे की जिच्यासाठी हा सारा खटाटोप सुरू झाला ती स्कूटर, पुढे मूल, मागे आई आणि तिच्याजवळ तान्हे, आजही पावसात आपल्या शेजारून जाते.