खारे वारे, मतलई वारे आणि एक बंद पेटी

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते. तापलेली हवा विरळ होऊन वर चढते, तिच्या जागी थंड हवा सरकते. या प्रक्रियेस नैसर्गिक अभिसरण म्हणतात. मराठीने ती दोन नावांत केव्हाच साठवून ठेवली आहे.

विज्ञानाने याच घटनेला अभ्यासासाठी एका बंद पेटीत कोंडले. एक भिंत उष्ण, समोरची थंड, आत हवा. १९५४ साली बॅचलर यांनी या प्रश्नाची मूलभूत मांडणी केली. दुहेरी काचांच्या खिडकीतून उष्णता किती निसटते, हा त्यामागचा साधा व्यवहार होता. प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. उष्णतेमुळे हवा वाहते आणि वाहणारी हवा पुन्हा उष्णता वाहून नेते. एकाचे उत्तर दुसऱ्यावाचून मिळत नाही. त्यात दाबासाठी स्वतंत्र समीकरणच नाही. समीकरणे एकोणिसाव्या शतकातली, पण ती सोडविण्यास संगणकाची वाट पाहावी लागली.

येथे एक मराठी नाव येते. १९४१ साली पुण्यात जन्मलेले सुहास पाटणकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून आणि मुंबईच्या आयआयटीतून लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेले. तेथील ब्रायन स्पॉल्डिंग यांच्यासह त्यांनी १९७२ साली 'सिंपल' ही पद्धत प्रसिद्ध केली. जागेचे लहान लहान कप्पे करायचे, दाबाचा अंदाज बांधायचा, त्यावरून वेग काढायचा. प्रत्येक कप्प्यात आले तेवढे बाहेर गेले का, हे तपासून दाब सुधारायचा, आणि मेळ बसेपर्यंत हेच पुन्हा करायचे. अनेक प्रकारच्या प्रवाहांप्रमाणे बंद पेटीतील अभिसरणासाठीही ही पद्धत जगभर वापरली गेली. १९८३ साली डी व्हाल डेव्हिस यांनी चौकोनी पेटीची प्रमाण उत्तरे प्रसिद्ध केल्यावर तर ही पेटी नव्या संगणक-प्रणालींची कसोटीच ठरली.

पाटणकरांचे १९८० चे पाठ्यपुस्तक त्याच्या सुबोध गद्यासाठीही नावाजले जाते. ते इंग्रजीत आहे आणि तसे असणे स्वाभाविकच होते. तथापि आपल्या गद्याच्या इतिहासाला यातून एक प्रश्न पडतो. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, म्हणजे १९८१ पूर्वीच्या रत्नागिरी जिल्ह्यातले. १८३२ चे पत्रकार म्हणून आपण त्यांना शिकवतो; परंतु कलनशास्त्रावरचे 'शून्यलब्धि' हे मराठी पुस्तक त्यांच्याच नावावर आहे, याचा उल्लेख वर्गात क्वचित होतो. जांभेकर १८४६ साली वारले. आधुनिक मराठी गद्याच्या उष:काली गणित हा त्या गद्याचा विषय होता. पुढे वाङ्मयाच्या इतिहासाने ललित तेवढे आपले मानले.

परिणाम भाषेत दिसतो. वायू आणि द्रव या दोहोंसाठी 'द्रायु' हा शब्द कोशात आहे, बोलण्यात नाही. उलट 'मतलई' बोलण्यातून आला आणि भूगोलाच्या पुस्तकात स्थिरावला. शब्द घडविले म्हणून शास्त्रीय गद्य होत नाही. ते कोणी लिहावे आणि कोणी साक्षेपाने वाचावे लागते. यांतले दुसरे काम साहित्याच्या अध्यापकांचे आहे.