पाणी जोखताना

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेच्या फळ्यावर वाचलीय. तिच्यात सगळं कौतुक दगडाचं. टाकीकडे कोणी बघत नाही. खरं तर दगडाला बसणारा प्रत्येक घाव आधी टाकीच्या डोक्यावर बसतो. दगड एकदा मूर्ती झाला की सुटला. टाकी दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर. टाकी, छन्नी, हातोडी हे एवढं कसं सोसतात? आणि सोसतील की नाही, हे आधी कसं कळतं? मुंबईत या प्रश्नाचा माग काढायचा, तर परळ-लालबागला यावं लागतं.

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. तिच्या कंपनीचा, म्हणजे जीआयपी रेल्वेचा, कारखाना आधी भायखळ्याला होता. १८७९ मध्ये तो परळला आला. आजूबाजूला गिरण्या उभ्या राहत होत्या. गिरणी म्हटलं की आपल्याला साचे आणि सूत आठवतं, पण प्रत्येक गिरणीत साचे चालू ठेवणारे फिटर आणि लोहारही असत. १८८७ मध्ये व्हीजेटीआय सुरू झालं, तेही भायखळ्याला. माटुंग्याला ते १९२३ मध्ये गेलं. क्रॉफर्ड मार्केटजवळची लोहार चाळ आज विजेच्या सामानासाठी ओळखली जाते, पण नाव अजून लोहाराचंच आहे. शेजारच्या नागदेवी स्ट्रीटवर आजही हत्यारांची दुकानं ओळीने लागतात. कापडाच्या या शहराला लोखंडाचा कणा होता.

या कण्याचं मुख्य ज्ञान एका शब्दात सांगता येतं: पाणी. लोहार छन्नी लाल करून पाण्यात बुडवतो, त्याला पाणी देणं म्हणतात. 'पाणीदार' हा शब्द आपण डोळ्यांसाठी आणि माणसासाठीही वापरतो, आणि एखाद्याची खरी ताकद ओळखणं म्हणजे त्याचं पाणी जोखणं.

पण नुसतं पाणी देऊन भागत नाही. लाल पोलाद एकदम थंड केलं की ते फार कठीण होतं, आणि तेवढंच ठिसूळ. अशा छन्नीची धार काचेसारखी उडते. म्हणून तिला पुन्हा बेताने तापवायचं. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर तेव्हा रंग चढत जातात: साधारण २३० अंशांना गवती पिवळा, मग तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा, ३०० ला निळा. लोखंड कापायच्या छन्नीला जांभळ्यावर थांबवायचं. कठीणपणा थोडा सोडून द्यायचा आणि बदल्यात चिवटपणा घ्यायचा. थर्मामीटर नसताना हा सौदा नजरेने होत असे.

छन्नीचं डोकं मात्र मुद्दाम मऊ ठेवतात. घाव खाऊन ते छत्रीसारखं पसरतं. पसरलं तरी चालेल, पण तुटून उडता कामा नये. पसरलेल्या कडा वेळच्या वेळी घासून काढायच्या, नाहीतर त्याच कडांच्या कण्या सुटतात. हातोडीच्या तोंडावर दुसरी हातोडी मारायची नाही, हा नियमही यातूनच आला: दोन्ही तोंडं कठीण, कोणीच नमत नाही, मग कपची उडते.

हे कारागिराचं ज्ञान आकड्यांत यायला युरोपात माणसं मरावी लागली. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि किमान पन्नास माणसं गेली. रोजचा भार नीट पेलणारं लोखंड असं अचानक का तुटतं, हा प्रश्न पुढची कित्येक वर्षं इंजिनियरांना सुटत नव्हता. रुळाचा तुकडा दोन आधारांवर ठेवून त्यावर उंचावरून वजन टाकायची चाचणी तेव्हाही होती. पण त्यातून एवढंच कळे की तुटला किंवा नाही तुटला. १९०१ मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज शार्पीने लंबकाची चाचणी नीट बसवली. १९०३ मध्ये इंग्लंडच्या एडविन आयझॉडने आपली पद्धत मांडली.

इंजिनियरिंगच्या लॅबमध्ये हे यंत्र मी पाहिलंय. शार्पीचा नमुना जेमतेम बोटाएवढा: १० बाय १० मिलिमीटर, लांबी ५५, मधोमध २ मिलिमीटर खोल खाच. वरून जड लंबक सुटतो, नमुना तोडतो आणि पलीकडे वर जातो. जेवढा कमी वर गेला, तेवढी ऊर्जा नमुन्याने खाल्ली. अशा यंत्राची ताकद सहसा ३०० ज्यूल, म्हणजे साधारण ३० किलोचं पोतं एक मीटरवरून पडावं एवढी. मऊ, चिवट पोलाद त्यातले भरपूर ज्यूल पिऊन टाकतं. पाणी दिलेलं पण पुन्हा न तापवलेलं पोलाद मोजकेच पितं आणि खटकन तुटतं. लोहाराने जांभळ्या रंगावर जो सौदा केला होता, तो इथे आकड्यात दिसतो.

मी आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे जो कोड टेस्टमध्ये पास होतो, तोच लोक वापरतात. पोलादाचं तसं नाही. ज्या तुकड्याची परीक्षा झाली तो तुटून भंगारात गेला. तुमच्या हातात येतं ते त्याचं भावंड, ज्याची ही परीक्षा झालेलीच नाही. म्हणजे प्रत्येक हातोडी हे एक वचन असतं: मला त्याच पोलादातून, तसंच पाणी देऊन घडवलंय. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने पोलादी हातोड्यांसाठी आयएस ८४१ हे मानक केलं, ते हे वचन कागदावर आणण्यासाठी.

वचन मोडलं, तर परीक्षा कारागिराच्या अंगावर होते. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत फिटर होते. स्वस्तात आणलेल्या छन्न्यांपैकी एकीची कणी त्यांच्या डाव्या डोळ्यात गेली आणि त्या डोळ्याची नजर कायमची अधू झाली. त्यानंतर नवी छन्नी मिळाली की ते आधी भंगाराच्या तुकड्यावर, तोंड फिरवून, चार घाव मारून बघत. त्यांची शार्पी टेस्ट तीच. खंडेनवमीला मात्र त्याच छन्न्यांना हळदकुंकू लावून झेंडूची फुलं वाहत. मला त्यात विरोधाभास दिसायचा. त्यांना दिसत नसे.

कायद्यानेही या कणीची नोंद घेतली होती. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं कलम ३५ उडणाऱ्या कणांपासून डोळे वाचवण्यासाठी पडदे किंवा चष्मे देण्याबद्दलच होतं. आणि १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या सुधारित परिशिष्टात एका डोळ्याची किंमत लिहिली होती: दुसरा डोळा शाबूत असेल तर कमाईच्या क्षमतेत ४० टक्के घट. नमुन्याने किती ऊर्जा खाल्ली ते ज्यूलमध्ये मोजतात. माणसाने किती सोसलं ते टक्क्यांत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांचं काम थांबलं. बहुतेकांना ते परत मिळालं नाही. त्या जमिनींवर आज टॉवर आणि मॉल आहेत, आणि त्यांच्या काचेच्या ऑफिसांत माझ्यासारखे लोक बसतात. सुतावरचे हात थांबले, त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. पोलादाचा रंग ओळखणारे डोळेही तेव्हाच घरी बसले, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

हातोडीवर ट्रक चालवणारे, पाना तुटेपर्यंत ताणणारे व्हिडिओ आपण आवडीने बघतो. बघायलाच हवेत, मजा येते. पण त्यातही तुटतं ते भावंडच. तुमच्या घरातली हातोडी आणि कोपऱ्यावर रस्ता फोडणाऱ्या माणसाच्या हातातली छन्नी अजून परीक्षेला बसायची आहे. त्या छन्नीचं डोकं छत्रीसारखं पसरलेलं दिसलं, तर क्षणभर थांबा आणि तिच्या मालकाच्या डोळ्यांवर चष्मा आहे का ते बघा.