हुंडी, नोट आणि तोतया

पैसा हा मुळात भरवशाचा व्यवहार आहे, हे अर्थशास्त्राची पुस्तके येण्याच्या कितीतरी आधी आपल्या सराफांना कळले होते. हुंडीच पाहा. एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीवर हुंडी लिहिली, तर रक्कम नुसती आकड्यात लिहून भागत नसे. हजार रुपये असतील तर त्याचे निमे पाचशे, त्याची दुप्पट, अशी फोड करावी लागे. वाटेत कोणी एक शून्य वाढवले, तर निम्म्याचा हिशेब त्याचे बिंग फोडी. शिवाय हुंडी केल्याचे पत्र निराळे जाई. हुंडी हरवली तर पेठ नावाची दुसरी प्रत, तीही गहाळ झाली तर परपेठ. संशय हाच त्या व्यवहाराचा पाया होता म्हणा ना! त्या काळाचे गोडवे गाण्याचे मात्र मला कारण दिसत नाही. हुंडीला पत लागे, आणि पत ही ठरावीक घरांच्या मालकीची होती. गोदाकाठच्या शेतमजुराला तिचा काय उपयोग?

त्याच्या उपयोगी पडली ती नोट. १९२८ साली नाशिकरोडला नोटांचा छापखाना निघाला आणि तेथे पाच रुपयांची नोट छापली जाऊ लागली; तोवर आपल्या नोटा विलायतेत छापून येत. नोट उजेडाकडे धरून पारखता येते, आणि ती देताना तिसऱ्या कोणाची परवानगी लागत नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झाले आणि हा तिसरा मध्ये आला. आज भाजीवालीच्या टोपलीपाशीही ठिपक्यांचा चौकोनी कागद लावलेला असतो. ही सोय खोटी नव्हे. सुट्ट्या पैशांची कटकट तिने संपवली. पण कोथिंबिरीची जुडी घेतानाही दूरवरच्या यंत्रांना विचारावे लागते आणि त्यांनी 'होय' म्हणावे लागते. तो होकार कोण देतो?

पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची, सहकारी. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएममध्ये कार्ड घातले की यंत्र 'स्विच' नावाच्या मधल्या संगणकाकडे विचारणा करते, स्विच ती बँकेच्या मुख्य खातेवहीकडे पोचवतो, आणि खातेवही होय किंवा नाही म्हणते. चोरांनी ग्राहकांच्या खात्यांना हात लावला नाही. त्यांनी मध्ये एक तोतया स्विच उभा केला. तो खातेवहीला काहीएक न विचारता 'होय' म्हणत राहिला. बनावट कार्डे घेतलेल्या माणसांनी २८ देशांत सुमारे १२,००० व्यवहारांतून ७८ कोटी रुपये उचलले. आपल्या देशात, अगदी कोल्हापुरातसुद्धा, आणखी अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या वर.

भाऊसाहेब पेशव्यांच्या तोतयाची पारख करायला निदान भाऊंना पाहिलेली माणसे होती. या तोतयाला समोरासमोर पाहणारे कोणीच नव्हते. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी मात्र २०१९ च्या अहवालात बोट दाखवले ते थेट उत्तर कोरियाकडे. पुण्याच्या सहकारी बँकेचा पहारेकरी त्या दाराशी काय करणार?

आणि चोर नसतानाही घोटाळा होतोच. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय कित्येक तास अडखळले. कारण मोठे मासलेवाईक निघाले: अमुक व्यवहार झाला की नाही, असे बँकांची यंत्रे मध्यवर्ती यंत्राला पुन्हा पुन्हा विचारत राहिली, आणि त्या विचारणांच्या पुरातच ते गुदमरले. एकदा यंत्राने विचारलेच नाही, एकदा अतोनात विचारले. दुकानदाराला दोन्ही वेळी कळण्यासारखे काही नव्हते. मला चोरीपेक्षा याचे भय अधिक वाटते. हुंडी बुडाली तर कोणाच्या पेढीवर जाऊन ओरडायचे ते माहीत होते. आता खिडकीपलीकडचा कारकूनही आपल्याइतकाच अडाणी, 'सर्व्हर डाऊन' एवढेच तो सांगू शकतो. हुंडीच्या पेठेसारखी दुसरी सोय, निदान कागदावरची, प्रत्येक बँकेने अंगवळणी ठेवावी असे मला वाटते. खर्च वाढेल, वाढू द्या.

लोकांनी आपल्यापुरती ती सोय करून ठेवलेली दिसते. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीच्या वेळी सुमारे १८ लाख कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या; मार्च २०२४ अखेर, यूपीआय घरोघर पोचल्यावर, त्या ३४ लाख कोटींच्या वर गेल्या. आमच्या घरीही त्यांतल्या थोड्या गव्हाच्या कोठीत आहेत.